अंगावर काढलेल्या दुखण्याचा खर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीडशे माणसांची कंपनी, अर्धी माणसं कार्यालयात आणि अर्धी पॅकिंग व गोदामात. प्रश्नकर्त्या तिथला एचआर विभाग सांभाळतात. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी तरतूद करावी असं त्यांनी सुचवलं, तर मालक म्हणाले, ‘माणसांचं भलं होईल हे मान्य, पण धंद्याला काय मिळणार ते आकड्यांत दाखवा.’ वार्षिक तपासणी शिबिर, ध्यानाचं ॲप आणि जिमच्या फीमध्ये सवलत असा प्रस्ताव त्यांच्याकडे तयार आहे. तो गळी कसा उतरवायचा, असं त्या विचारतात.

मालकांचा प्रश्न रास्त आहे. प्रस्ताव मात्र तूर्त बाजूला ठेवा असं मला सांगावं लागेल, आणि ते का हे सांगायला जरा वेळ घेतो. गेली बावीस वर्षं मी कारखान्यांत आणि कार्यालयांत कामगार आरोग्याचा डॉक्टर म्हणून काम करतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही शिबिरंच भरवत होतो. रक्तदाब मोजायचा, साखर बघायची, ‘वजन कमी करा’ म्हणायचं, फाइल बंद. पुढच्या वर्षी तीच माणसं, तोच रक्तदाब, वजन किलोभर जास्त.

आधी पैसा कुठे गळतो ते बघू. हिशोब मांडताना सगळे रजेपासून सुरुवात करतात, कारण तो आकडा मस्टरवर आयता मिळतो. पण रजा हा खर्चाचा छोटा तुकडा असतो. मोठा खर्च, आपण ज्याला ‘अंगावर काढणं’ म्हणतो, त्यात असतो. एका कार्यालयात बिलं तपासणाऱ्या एक बाई होत्या. मी त्यांच्या टेबलाशी गेलो तेव्हा उजव्या डोळ्यावर तळहात दाबून डाव्या डोळ्याने त्या स्क्रीन वाचत होत्या. अर्धशिशी. महिन्यातून तीन-चार वेळा. रजेचं कार्ड मात्र कोरं, कारण महिनाअखेरीला रजा मागितली की साहेबांचा चेहरा बदलायचा. त्या दिवशी त्यांच्या हाताखालून गेलेली बिलं पुढचे दोन दिवस दुसऱ्या एका माणसाने पुन्हा तपासली. हा खर्च कंपनीच्या वहीत कुठेच ‘आजारपण’ म्हणून लागला नाही. तो ‘दुरुस्ती’, ‘उशीर’, ‘ग्राहकाची तक्रार’ अशा नावांनी इतरत्र विखुरला गेला.

राजीनाम्यांचंही तसंच. जाताना माणूस ‘चांगली संधी मिळाली’ एवढंच लिहितो. आठ महिने मान अवघडलेली होती, किंवा सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडायचा, हे नोटीस पिरियडमध्ये कोण कशाला लिहील? मग नवा माणूस शोधा, त्याला शिकवा, तो हाताशी येईपर्यंत जुन्यांच्या माथी जास्तीचं काम मारा, आणि त्या जास्तीच्या कामाने पुढचा राजीनामा तयार करा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगभरात वर्षाला सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेचं नुकसान सुमारे १ लाख कोटी डॉलर होतं. आकडा मोठा आहे, पण तो मालकांपुढे ठेवू नका. जगाच्या नुकसानीने कोणी चेकवर सही करत नाही. स्वतःच्या वहीतल्या ओळीवर करतात.

आता एक उदाहरण जवळून. एका पॅकिंग विभागात पाठदुखीच्या तक्रारी वाढल्या म्हणून मला बोलावलं. माझ्याआधी दोन उपाय करून झाले होते: सगळ्यांना कमरेचे पट्टे, आणि शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं व्यायाम. (पट्ट्याने पाठदुखी टळते याला पुरावा नाही. तो बांधला की कंपनीला काहीतरी केल्यासारखं वाटतं, एवढंच.) मी शिफ्टभर लाइनच्या टोकाला उभा राहिलो. भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवर यायचं, बारा किलोचं. कामगार ते उचलायचा, पाठीमागे वळायचा आणि जमिनीवरच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, रचायचा. खालचे थर रचताना घोट्यापर्यंत वाकणं, वरचे थर रचताना खांद्याच्या वर उचलणं, आणि प्रत्येक वेळी कमरेतून पीळ. मिनिटाला तीन खोकी. सात तासांत साडेबाराशेच्या वर, म्हणजे पंधरा टन. असं काम करणाऱ्याला दहा मिनिटांचा व्यायाम कितीसा पुरणार?

बदल काय केला? पॅलेट पाठीमागून उचलून बाजूला, काटकोनात आणलं. त्याच्याखाली दोन रिकामी पॅलेट टाकली, म्हणजे पहिला थर गुडघ्याच्या आसपास आला. सगळ्यात वरचा थर बंद केला. दर तासाला माणसं बदलायची ठरवली. खर्च जवळपास शून्य. ही कल्पना माझी नव्हती, तिथल्याच एका जुन्या कामगाराची होती. ती त्याने मला कशी सांगितली ते शेवटी सांगतो.

चार महिन्यांनी पाठीच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, त्याची अपेक्षा होतीच. अपेक्षा नव्हती ती वेगळ्या गोष्टीची. गोदामाचा प्रमुख येऊन म्हणाला, कोपरे चेपलेला माल परत येणं कमी झालंय, खोक्यांचा कागद बदललात का? कागद तोच होता. शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत हात भरून आले की माणूस खोकं ठेवत नाही, सोडतो. चेपलेले कोपरे आणि दुखणारी कंबर यांचं मूळ एकच होतं, फक्त एकाची नोंद गुणवत्तेच्या खात्यात होत होती आणि दुसऱ्याची कुठेच होत नव्हती. तुमच्या मालकांना धंद्याला काय मिळतं हे दाखवायचं असेल तर असाच एखादा कोपरा शोधून काढा. कर्मचाऱ्याचा फायदा आणि कंपनीचा फायदा असे दोन वेगळे फायदे गोळा करत बसू नका.

आता तुमच्या प्रस्तावाबद्दल. ‘आरोग्यावर एक डॉलर घाला, चार परत मिळवा’ हे वाक्य ॲप विकणाऱ्यांच्या प्रत्येक सादरीकरणात असतं. त्याचा उगम २०१६ च्या एका जागतिक अभ्यासात आहे. तो अभ्यास होता नैराश्य आणि चिंताविकारांवरचे उपचार देशोदेशी वाढवले तर समाजाला काय मिळेल याचा. जिमच्या सवलतीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरा लाडका आकडा अमेरिकेतला. २०१० मध्ये कॅथरीन बायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं की वेलनेस, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठीच्या, कार्यक्रमांवरच्या एका डॉलरमागे वैद्यकीय खर्च सुमारे ३.२७ डॉलरने कमी होतो. हा आकडा जगभर फिरला. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांमध्ये एक गोची होती: कार्यक्रमात स्वतःहून येणारी माणसं मुळातच धडधाकट आणि उत्साही असतात. मग त्याच बायकरबाईंनी, झिरूई साँग यांच्यासोबत, सुमारे ३३ हजार कर्मचारी आणि १६० ठिकाणं असलेल्या एका मोठ्या विक्री कंपनीत चिठ्ठ्या टाकून ठिकाणं निवडली आणि नीट प्रयोग केला. २०१९ मध्ये निकाल छापला. दीड वर्षानंतर माणसं व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं थोडं जास्त सांगत होती. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, कामाचा दर्जा, कशातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अशाच प्रयोगातही जवळपास हेच दिसलं. स्वतःच्याच गाजलेल्या आकड्याची अशी परीक्षा घेणाऱ्या संशोधकांबद्दल मला फार आदर आहे. आमच्या क्षेत्रात हे क्वचित घडतं.

ध्यानाच्या ॲपचंही तेच. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर विल्यम फ्लेमिंग यांनी केलेल्या अभ्यासात ॲप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, समुपदेशनाची सत्रं घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुखात आढळले नाहीत. अपवाद एकच, स्वयंसेवी कामाची संधी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! ताण कामाच्या मांडणीत असेल तर श्वास मोजून तो जात नाही. शिबिर वाईट असतं असं नाही. एखाद्याचा लपलेला मधुमेह त्यात सापडतो आणि त्याचं आयुष्य वाचतं. पण तेवढ्यासाठीच भरवा, त्यातून धंद्याला फायदा होईल असं वचन देऊ नका. वर्षाअखेरीस मालक आकडा मागतील तेव्हा तुमच्याकडे तो नसेल.

मग फायदा कुठे असतो? माझ्या अनुभवात तीन ठिकाणी: तास, मोकळीक आणि खरं बोलण्याची सोय.

तासांचा पुरावा शंभर वर्षं जुना आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं, त्यांत बऱ्याच स्त्रिया, आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होती. सरकारने १९१५ मध्ये समिती नेमली आणि तिने तास व उत्पादन यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. जॉन पेनकॅव्हल या अर्थतज्ज्ञाने त्या नोंदी अलीकडे पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढतं, नंतर वाढीचा वेग पडत जातो, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं जास्त नसतं. म्हणजे वरचे चौदा तास माणूस जवळपास फुकट झिजत होता, आणि मालक त्याचा पगार मोजत होता. झीज होते हेही आता मोजलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो.

ओव्हरटाइमची यादी काढली की एक गंमत दिसते. तीच ती आठ-दहा नावं वर असतात. कंपनी त्यांना ‘आधारस्तंभ’ म्हणते. मी त्यांना पुढच्या वर्षीचे रुग्ण म्हणतो. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाच्या हातांची आणि नजरेची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, हे १९९७ मध्येच दाखवून झालंय. प्यायलेल्या माणसाला आपण फोर्कलिफ्टवर बसवत नाही. डबल शिफ्ट केलेल्याला बसवतो.

चार दिवसांच्या आठवड्याबद्दल मालक विचारतीलच. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने तो करून पाहिला. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं, उत्पन्न साधारण तेवढंच राहिलं, आणि ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. पण त्या स्वतःहून आलेल्या कंपन्या होत्या, आणि त्यांनी निरर्थक बैठका आधी कापल्या होत्या. बैठका तुम्हीही कापू शकता, दिवस कापण्याची घाई नको.

मोकळीक हा विषय कोणी गंभीरपणे घेत नाही आणि त्यात सर्वांत जास्त दडलेलं असतं. १९६७ पासून ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवर व्हाइटहॉल नावाचे अभ्यास झाले. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. सगळे पगारी, सगळे टेबलावर किंवा टेबलाच्या आसपास काम करणारे. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल धरूनही फरकाचा मोठा भाग उरतच होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मायकल मार्मट यांच्या गटाला त्याच्या मुळाशी एक गोष्ट ठळक दिसली: आपल्या कामावर आपला ताबा किती. काम खूप असणं एवढ्याने माणूस मोडत नाही. काम खूप आणि आपल्या हातात काहीच नाही, तेव्हा मोडतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हीच मांडणी केली होती.

ताबा म्हणजे काही संचालक मंडळावर जागा नव्हे. एका ग्राहक मदत केंद्रात मुलींना लघवीला जायचं तरी हात वर करून टीम लीडरची परवानगी घ्यावी लागायची, आणि उठल्यापासून परत बसेपर्यंतची मिनिटं स्क्रीनवर लाल अक्षरांत पळायची. परिणाम? मुली पाणीच पिईनात. मूत्रमार्गाचे संसर्ग, डोकेदुखी, रजा. व्यवस्थापकाला म्हटलं, परवानगी काढून टाका आणि फोन कोणी कधी सोडायचा ते टीमला आपसांत ठरवू द्या. तो म्हणाला, सगळ्या एकदम उठतील. कोणी एकदम उठलं नाही. मोठी माणसं होती ती. रजा घटल्या, आणि महिनाभरात फोनवरचे आवाज बदलले. ग्राहक कधी कधी त्या आवाजावरच तक्रार मागे घेतो, हे तिथल्या लीडरनेच मला सांगितलं.

तिसरी गोष्ट खरं बोलण्याची. ‘आज अपघाताविना १८० वा दिवस’ असे फलक आणि त्यावर बोनस, हे मला कुठे दिसलं की मी आधी प्रथमोपचार पेटी उघडतो. फलकावर शून्य आणि पेटीतल्या पट्ट्या संपलेल्या असतात. बोनस जाईल म्हणून कापलेलं बोट खिशात जातं. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका जास्त निघाल्या. त्या चक्रावल्या. मग लक्षात आलं, चांगले चमू चुका जास्त करत नव्हते, जास्त सांगत होते.

उद्योगातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अल्कोआ ही ॲल्युमिनियम कंपनी. १९८७ मध्ये पॉल ओनील प्रमुख झाले आणि नफ्याआधी कामगारांची सुरक्षितता हेच आपलं पहिलं उद्दिष्ट, असं त्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं. त्यांच्या काळात दर १०० कामगारांमागे कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचं प्रमाण १.८६ वरून ०.२ पर्यंत खाली आलं, आणि नफाही अनेक पटींनी वाढला. नफा केवळ सुरक्षिततेनेच वाढला असं मी म्हणणार नाही, बाजारही साथीला होता. पण दुखापत का झाली हे शोधायला बसलं की यंत्र, साचा, वेळापत्रक, सुटे भाग, सगळं उलगडावं लागतं. धंदा तिथेच दुरुस्त होतो.

आता जी गोष्ट सल्लागार सहसा सांगत नाहीत ती. प्रत्येक वेळी दोघांचा फायदा होतोच असं नाही. ८५ डेसिबलहून जास्त आवाजात वर्षानुवर्षं रोज आठ तास काम करणाऱ्याचे कान हळूहळू जाऊ शकतात, आणि ते कळायला बरीच वर्षं लागतात. तोवर तो तीन नोकऱ्या बदललेला असतो. आवाज आज कमी करण्याचा खर्च तुमचा, बहिरेपण पुढच्या कोणाच्या तरी काळातलं. धुळीचं आणि रसायनांचं हेच. इथे परताव्याचा हिशोब मांडूच नका, हरवून बसाल. इथे कायदा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेने जून २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामाच्या मूलभूत हक्कांत धरला आहे. मालकांना सरळ सांगा की ही बाब खर्चाच्या चर्चेत येत नाही.

उरलेल्यासाठी एक कागद करा. गेल्या सहा महिन्यांचे विभागवार चार आकडे: राजीनामे, ओव्हरटाइमचे तास, चुका किंवा परत आलेला माल, आणि वेदनाशामक गोळ्या किती लवकर संपल्या. शेवटचा आकडा लहान वाटेल, पण तो खोटं बोलत नाही. जिथे चारही फुगलेले दिसतील तो एकच विभाग निवडा, आणि तिथे एक अख्खी शिफ्ट उभ्या राहा. खुर्ची मागू नका. एक बदल करा, बाकी काही हलवू नका, आणि चार महिन्यांनी तेच चार आकडे पुन्हा काढा. एका विभागाच्या आकड्याने सगळं सिद्ध होत नाही, पण मालकांना हवा होता तसा तो त्यांच्या स्वतःच्या वहीतला असेल.

तिथे उभ्या असताना ‘तुम्हाला काय त्रास आहे?’ असं विचारू नका. उत्तर ‘काही नाही मॅडम, सगळं ठीक’ असंच येईल. मीही त्या पॅकिंग लाइनवर आधी तेच विचारलं होतं आणि तेच उत्तर मिळालं होतं. दुपारनंतर त्या जुन्या कामगाराला वेगळं विचारलं: ‘उद्या तुमच्या जागी नवा मुलगा आला, तर पहिल्या दिवशी त्याला काय सांभाळायला सांगाल?’ तो हातातलं खोकं ठेवून म्हणाला, ‘पहिले दोन थर हळू लाव म्हणेन. आणि साहेब बघत नसतील तेव्हा खाली दोन रिकामी पॅलेट सरकव.’